लाट त्याची होती, समुद्र नव्हता

ताई,

मी मूळची सांगलीची, वय ३८. सिडनीला येऊन अकरा वर्षं झाली. आम्ही वेस्टमीडच्या बाजूला राहतो, म्हणजे समुद्र गाडीने तासाभरावर. मुलगा दहा वर्षांचा आहे, दर रविवारी सकाळी निपर्सला, म्हणजे मुलांच्या समुद्रावरच्या लाइफसेव्हिंग वर्गाला, जातो. त्याला पाण्यात खेळताना बघून बघून मागच्या नोव्हेंबरात मीही सर्फिंगचे सहा धडे घेतले. मग आठ फुटी जुना फोमचा बोर्ड विकत घेतला. गेले चार महिने जवळजवळ दर शनिवारी जाते आहे. फेसाळ पाण्यात आता उभी राहते. न फुटलेली हिरवी लाट मात्र अजून जेमतेम दोनदा मिळालीय. पोहायला येतं. कृष्णेत शिकले, वडिलांनी पाठीला डबा बांधून शिकवलं.

तीन आठवड्यांपूर्वी मॅनलीच्या किनाऱ्यावर धीर करून मागे गेले, सगळे लाटेची वाट बघत बसतात तिथे. एक लाट आली. मी हात मारले आणि पहिल्यांदाच तिने मला अगदी अलगद उचललं. उभी राहते न राहते तोच डावीकडून एक माणूस आला, जोरात ओरडला, माझ्यावर आदळता आदळता वाचला आणि पाण्यात पडला. वर आल्यावर एक शिवी हासडून म्हणाला, ‘कूक! गो होम!’ कूक म्हणजे काही न कळणारा नवशिका, हे नंतर मुलाने सांगितलं. आजूबाजूला पंधरा-वीस जण होते. कुणीही एक शब्द बोललं नाही. मी बाहेर आले आणि गाडीत बसून रडले. ‘घरी जा’ म्हणजे काठावर जा, की आपल्या देशात जा? हे मला कळत नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

नवरा म्हणतो, या वयात कशाला हे, काही झालं तर? मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात, किती काळी पडलीस गं. तिथे बसलेले सगळे लहानपणापासून पाण्यात आहेत. मी त्यांच्यातली कधी होईन का? की सोडून द्यावं? मला ‘तू’च म्हणा.

— कृष्णाकाठची, सिडनी

*

प्रिय कृष्णाकाठची,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या माणसाचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्याच एका शब्दाशी अडले, ‘डावीकडून’. तो डावीकडून आला. म्हणजे लाट तिकडून फुटत येत होती, तो आधीपासून तिच्यावर उभा होता, आणि तू त्याच्या वाटेत उतरलीस. हे आधी बोलून घेऊ. ते टाळून पुढचं काहीही लिहिलं तर ती नुसती समजूत काढणं होईल. ती लाट त्याची होती.

लाट सगळीकडे एकदम फुटत नाही. एका जागी ती पहिल्यांदा मोडते, त्या जागेला पीक म्हणतात. तिथून तिचं फुटणं एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना, पळत सुटतं. पीकच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. बाकीच्यांनी हात थांबवायचे. त्याच्या पुढ्यात उतरणं म्हणजे ड्रॉप-इन, आणि सर्फिंगमध्ये याहून मोठा गुन्हा नाही. तुला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. सुरुवातीच्या धड्यांत माणसाला फेसातच ठेवतात, फेसात वाट्याचा प्रश्न येत नाही, म्हणून ही गोष्ट राहून जाते. मला ती पहिल्या दिवशी, वाळूवर उभं करून शिकवायला हवी असं वाटतं. किनाऱ्यावरची निम्मी भांडणं तिथेच संपतील.

एवढे कडक का असतात ही माणसं? शनिवारी सकाळी मॅनलीच्या एकेका पीकवर केवढी गर्दी असते ते तू पाहिलंस. मनासारखी लाट काही मिनिटांनी एखादी येते, आणि आली तरी दहा-बारा सेकंदांत संपते. आठवडाभर कचेरीत बसलेला माणूस पाचला उठून येतो आणि दीड तासात त्याच्या वाट्याला तीन-चार लाटा येतात. त्यातली एक तू घेतलीस, न कळता. शिवाय बोर्डाच्या खालच्या पात्या धारदार असतात, आणि तुझा आठ फुटी बोर्ड डोक्यात बसला तर टाके पडतात. त्याच्या ओरडण्यात थोडी भीतीही असणार.

घाटावर पोहायला शिकलेल्या तुला हे नवीन नाही. आयर्विन पुलाच्या अलीकडे-पलीकडे पोहणाऱ्या पोरांना, उडी मारण्याआधी खाली कोण आहे ते बघायचं, हे कुणी फळ्यावर लिहून शिकवलं होतं का? कुणाच्या डोक्यावर उडी पडता पडता वाचली की पायरीवरचा कुणीतरी मोठा माणूस खणखणीत शिवी घालायचा. आणि दुसऱ्या दिवशी तोच म्हणायचा, ‘ए पोरी, पाय जुळवून मार.’ घाट कुणाच्या मालकीचा नव्हता. घाटाची रीत मात्र होती, आणि ती शिव्या खातच अंगात मुरली. मॅनलीचा तो दिवस मी त्या खात्यात टाकीन, निदान अर्धा तरी.

उरलेला अर्धा म्हणजे ‘गो होम’.

त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, तूही सांगू शकत नाहीस. पाण्यात हे दोन शब्द गोऱ्या पोरांनाही ऐकावे लागतात, कित्येकदा. शेजारच्या किनाऱ्यावरून आलेल्यालाही लोक ‘आपल्या किनाऱ्यावर जा’ म्हणून ओरडतात. आणि हे भांडण बाहेरच्यांशीच होतं असंही नाही. नॅट यंग हा १९६६ चा जगज्जेता. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला अँगौरी म्हणून जागा आहे, तिथेच राहणारा, तिथल्या पाण्याशी ज्याचं नाव जोडलेलं. त्याला २००० साली तिथेच एका दुसऱ्या सर्फरने इतकं मारलं की चेहऱ्याची हाडं मोडली. जगज्जेत्याची ही गत झाली. तेव्हा ओरडणाऱ्याचा राग दर वेळी रंगावरच असतो असं समजू नकोस.

पण हे सांगून तुला गप्प बसवायचा माझा हेतू नाही. सावळ्या बाईच्या कानावर ‘घरी जा’ पडतं तेव्हा ते वेगळंच ऐकू येतं, आणि तसं ऐकू येण्याला कारणं आहेत. याच शहरात, क्रोनलाच्या किनाऱ्यावर, ११ डिसेंबर २००५ ला सुमारे पाच हजारांचा जमाव जमला होता आणि दिसायला मध्यपूर्वेकडचा वाटेल त्याला मारत सुटला होता. किनारा कुणाचा, हाच त्या दिवशीचा प्रश्न होता. म्हणून ‘तू उगाच मनाला लावून घेतेस’ असं तुला कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. त्यानंतर काय झालं तेही सांगते. शहरातल्या लेबनीज घरांतली मुलं-मुली लाइफसेव्हर व्हायचं शिकायला आली. त्यांतली एक मुलगी अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून त्याच पाण्यात परीक्षा पास झाली आणि पोहण्याची जागा दाखवणाऱ्या झेंड्यांपाशी पहाऱ्याला उभी राहिली. कुणी तिला बोलावून जागा दिली असेल-नसेल, पण ती येत राहिली, आणि लोकांना तिची सवय झाली.

तर माझं म्हणणं असं. तुझी चूक एका लाटेएवढी होती. तेवढीच मान्य कर. तिच्यात तुझा देश, तुझा रंग, तुझं वय, वेस्टमीडचा पत्ता यातलं काहीही बसत नाही. तो जर त्यातलं काही तिच्यात कोंबत असेल, तर ते ओझं त्याचं. आणि कधी कुणी उघडउघड देशावरून, रंगावरून बोललं तर पाण्यात वाद घालत बसू नकोस, भांडणाऱ्याचं लक्ष लाटेवर राहत नाही. बाहेर ये, लाइफगार्डला सांग. अंगावर आलं तर पोलिसांना सांग. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

आता त्या पंधरा-वीस गप्प बसलेल्यांबद्दल. मला वाटतं, शिवीपेक्षा तेच तुला जास्त लागलं.

मी गुहागरजवळच्या गावात वाढले. आजी सांगायची, समुद्राकडे पाठ करून उभं राहू नये. समुद्र रोज बघितला, पण पाण्यात गुडघ्यापुढे कधी गेले नव्हते, मुलींनी जायची पद्धतच नव्हती. इथे सिडनीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा बोर्डावर पालथी पडले. पाचव्या की सहाव्या महिन्यातली गोष्ट, ऑगस्टची, म्हणजे इथल्या हिवाळ्यातली सकाळ, हात बधिर करणारं पाणी. समोरून मोठी लाट आली, मी घाबरले आणि बोर्ड सोडून देऊन पाण्याखाली गेले. मागे एक मुलगा होता. बोर्ड त्याच्या कानाजवळून गेला. एक माणूस माझ्यावर जो ओरडला तो आवाज अजून आठवतो. मी बाजूला जाऊन बसले, थरथरत होते, थंडीने की कशाने कळत नव्हतं. सगळे क्षितिजाकडे बघत होते. कुणी माझ्याकडे मान वळवली नाही.

मग एक बाई हळूहळू हात मारत माझ्या बाजूला आली. साठीची असावी, नाकावर उन्हासाठी लावायच्या झिंकच्या मलमाचा पांढरा जाड पट्टा. बोर्डावर उठून बसली. तीही क्षितिजाकडेच बघत होती. म्हणाली, ‘त्याचा मुलगा आहे तो.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘काहीही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही.’ एवढंच. आणखी दोन लाटा गेल्या, तिसरी आली तेव्हा तिने हनुवटीने खूण केली, ही घे. मला ती लाट मिळाली नाही, मी मागे पडले. पण पुढच्या शनिवारी ती होती, आणि तिने मान हलवली. अकरा वर्षं झाली त्याला. तिचं आडनाव मला आजही माहीत नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोणत्या महिन्यात झालं ते माहीत आहे, तिचा कुत्रा कशाने गेला ते माहीत आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं की लाइनअपमधली, म्हणजे लाटेची वाट बघत बसलेल्यांमधली, शांतता म्हणजे सगळ्यांची त्या माणसाला संमती, असं नसतं. तिथे मुळात कुणी फार बोलतच नाही. प्रत्येकाचे डोळे पुढच्या लाटेवर असतात, आणि गप्पा मारायला आलेला माणूस त्यांना नकोसा होतो. तरीही मी म्हणेन की त्यातल्या एकाने तरी तुझ्याजवळ यायला हवं होतं. पुढे-मागे कुणी नवखी पोरगी तुझ्या बाजूला थरथरत बसलेली दिसेल तेव्हा तू जा.

तू विचारलंस, मी त्यांच्यातली होईन का. त्यांच्यातलं होणं म्हणजे तुझ्या मनात काय आहे ते मला नीटसं कळलं नाही. आपल्याकडे आपलंसं करणं म्हणजे घरी बोलावणं, चहा, ‘जेवूनच जा’, मुलांची लग्नं. पाण्यात तसं नसतं. तिथली ओळख मान हलवण्यापासून सुरू होते, आणि बऱ्याचदा तिथेच थांबते. पण ती मान हलवणं खोटं नसतं. तू नियम पाळतेस, तुझ्यापासून धोका नाही, तू पुन्हा पुन्हा येतेस, एवढं बघून ती मिळते. तू किती छान उभी राहतेस याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. उत्तम सर्फ करणारा आणि सगळ्यांना नकोसा झालेला माणूस प्रत्येक किनाऱ्यावर एखादा असतोच.

मॅनलीच्या उत्तरेला लागूनच फ्रेशवॉटर आहे. मॅनलीला गेलीस की तिथे जाऊन टेकडीवरचा ड्यूक कहानामोकूचा पुतळा बघून ये. ड्यूक हवाईचा, सावळा माणूस. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलेला. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात त्याला पोहण्याच्या शर्यतींसाठी सिडनीला बोलावलं होतं. इथे त्याने शुगर पाइनच्या लाकडातून एक बोर्ड घडवला, साडेआठ फुटांच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ तुझ्याच बोर्डाएवढा, आणि फ्रेशवॉटरला लाटांवर उभं राहून दाखवलं. तो बोर्ड तिथल्या क्लबाने आजही जपून ठेवला आहे. म्हणजे आज ज्या खेळाला हे लोक आपला म्हणतात, तो त्यांच्यासमोर नावारूपाला आणला तो बाहेरून आलेल्या एका सावळ्या पाहुण्याने.

त्याच उन्हाळ्यात त्याने इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीला आपल्या बोर्डावर पुढे घेतलं. लाट मागून उचलू लागली की तिला कड्यावरून खाली बघितल्यासारखं वाटायचं आणि ती नको नको म्हणायची. शेवटी ड्यूकने तिला मानेला धरून उभी केली, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. ऑस्ट्रेलियातली ती पहिलीच सर्फर का, यावर इतिहासकारांत वाद आहेत. मला त्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. मोठेपणी तिने लाइफसेव्हिंग क्लबात यायचं म्हटलं तर बाई म्हणून तिला दार बंद होतं. या देशातल्या लाइफसेव्हिंग क्लबांत बायकांना पहाऱ्याचं काम मिळायला १९८० उजाडलं. इझाबेल १९९५ साली गेली. तिची रक्षा मॅनली-फ्रेशवॉटरच्या पाण्यात सोडली तेव्हा तरुण सर्फर मुली भोवती गोल करून होत्या. ज्या पाण्यातून स्वतःची लाज वाटून तू बाहेर आलीस, ते हे पाणी.

आता कामाचं.

मॅनलीच्या गर्दीत शिकू नकोस. तिथून थोडं उत्तरेला कॉलरॉयचा किनारा आहे. त्याच्या दक्षिण कोपऱ्याला लाँग रीफच्या भूशिराचा आडोसा मिळतो, लाटा मऊ येतात, आणि नवशिके बरेच असतात. किनारा एक ठरव, वेळ एक ठरव, आणि तीच धर. वेस्टमीडहून तू आठवड्यातून एकदाच येऊ शकतेस, म्हणजे चेहरा ओळखीचा व्हायला जास्त दिवस लागतील, लागू देत. काठावर बोर्ड ठेवून दहा मिनिटं नुसतं बघ. लाट कुठे मोडतेय, लोक कुठून आत जातायत, आत खेचणाऱ्या पाण्याची ओढ कुठे आहे. आमच्याकडे होडी लोटण्याआधी कोळी असेच उभे राहून पाणी बघायचे, कुणी त्यांना आळशी म्हणत नसे.

तुझ्या लक्षात ठेवायच्या गोष्टी खूप आहेत, पण दोनच घे, बाकीच्या होत जातील. पहिली, बोर्ड सोडायचा नाही. आठ फुटांचा बोर्ड, तेवढाच पायाला बांधलेला पट्टा, म्हणजे तू बोर्ड सोडलास की तुझ्या मागे जवळजवळ पाच मीटरपर्यंत तो कुणालाही लागू शकतो. लाट अंगावर आली की दोन्ही कडा घट्ट धर, श्वास घे आणि बोर्डासकट पालथी हो, पाठ खाली. लाट वरून गडगडत गेली की परत सुलट. पहिल्या काही वेळा नाकात पाणी जाईल. कमरेएवढ्या पाण्यात याचा सराव कर, दहा-वीस वेळा, मग मागे जा.

दुसरी गोष्ट बारीक आहे, पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिच्यातच दिसतं. तू आत जात असताना कुणीतरी लाटेवरून तुझ्या दिशेने येत असतं. त्या वेळी मन म्हणतं, पटपट हात मारून त्याच्या पुढून निसटू, म्हणजे फेस चुकेल. तसं करायचं नाही. त्याच्या मागच्या बाजूला, जिथे लाट आधीच फुटली आहे, त्या फेसाकडे तोंड वळवायचं. फेस थोबाडीत बसेल, दहा हात मागे फेकली जाशील, पुन्हा पहिल्यापासून आत यावं लागेल. पण त्याची लाट त्याला पूर्ण मिळेल. हे करणारा नवशिका लाइनअपमधल्या प्रत्येकाच्या नजरेत येतो. मी स्वतः बघते. कोण नीट उभं राहतं ते विसरायला होतं, कोण फेसाकडे वळलं ते विसरायला होत नाही.

मागे पोचलीस की लगेच पीकवर जाऊन बसू नकोस, कडेला बस, दुसऱ्यांकडून सुटलेल्या लाटा घे. हात मारायच्या आधी दोन्हीकडे बघ. कुणी उभं असेल तर थांब. लांब बोर्डावर लाट लवकर पकडता येते म्हणून येईल ती लाट घ्यायचा हव्यास धरू नकोस. चूक झाली तर हात वर करून लगेच सॉरी म्हण, आणि तिथेच संपव. एकदा म्हटलेली सॉरी तिथे पुरते.

आता येणारे दोन महिने चांगले आहेत. पाणी अजून कोमट आहे आणि सकाळी पश्चिमेचा वारा जमिनीकडून येतो, लाटा गुळगुळीत असतात. उन्हाळ्यातल्या दुपारच्या ईशान्येच्या वाऱ्यात तू शिकत होतीस, ते कठीणच होतं. आमच्या गावची एक गोष्ट इथेही चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे जुळत नाही, त्याचं वेळापत्रक इथलंच बघावं लागतं. पण उधाणाच्या दिवसांत पाणी झपाट्याने चढतं-उतरतं आणि भांगाच्या दिवसांत निवांत असतं, हे सिडनीतही तसंच आहे. नव्या माणसाने भांगाचे दिवस धरावेत.

नवऱ्याच्या म्हणण्यावर चिडू नकोस. त्याची भीती खोटी नाही. २०२४ च्या जानेवारीत व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडला भारतीय वंशाच्या कुटुंबातले चौघे एका दिवशी बुडाले, ती बातमी तुमच्याही घरात वाचली गेली असेल. त्याला कृती करून दाखव. कृष्णेतलं पोहणं खरं, पण नदी एका दिशेने वाहते, समुद्र तसा नाही. तरण तलावात न थांबता चारशे मीटर पोहता येईल इतका दम कमव. ओढीत सापडलीस तर बोर्डावर पडून राहायचं, त्याच्यापासून वेगळं व्हायचं नाही, हात वर करायचा. झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची आहे, बोर्ड घेऊन तिथे जायचं नाही, पण लाइफगार्डच्या नजरेत राहील अशा अंतरावर राहा. एखाद्या शनिवारी नवऱ्यालाच काठावर घेऊन ये. आपल्या डोळ्यांनी बघितल्यावर माणसाची काळजी कमी होते, निदान ती मोजता येते.

मैत्रिणींच्या बाबतीत मात्र माझ्याकडे इतका समजूतदारपणा नाही. काळी पडलीस म्हणे! आपल्या आया-मावश्या आयुष्यभर हळद लावून, छत्री धरून, सावलीसावलीने चालल्या, आणि इतक्या लांब येऊनही तेच वाक्य आपण एकमेकींना ऐकवतो. ऊन खरंच जपायला हवं, या देशात त्वचेचा कर्करोग फार आहे, म्हणून झिंक लाव, पूर्ण बाह्यांचं रॅशी, म्हणजे पाण्यात घालायचा अंगरखा, घाल, हिवाळ्यात वेटसूट असतोच. ते सगळं जिवासाठी. गोरं राहण्यासाठी यातलं काहीही करू नकोस. आणि ‘आपल्यात कोण करतं हे’ असं कुणी म्हणालं तर सांग, मुंबईत वाढलेली इशिता मालवीय २००७ पासून उडुपीजवळ हेच करते आहे, मच्छीमारांच्या वस्तीत राहून मुलांना लाटांवर उभं करते आहे.

एक गोष्ट राहिली. काही जागा अशा असतात की तू कितीही नियम पाळलेस तरी तिथे कुणी तुला मान हलवणार नाही. कॅलिफोर्नियात लुनाडा बे म्हणून एक आहे, तिथल्या लोकांनी बाहेरच्यांना हुसकावण्यात अनेक वर्षं घालवली, दगड रचून स्वतःसाठी अड्डा बांधला. २०१६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि तो अड्डाही पाडला गेला. अशी जागा भेटली तर तिथे स्वतःला सिद्ध करत बसू नकोस, गाडी पुढच्या किनाऱ्यावर ने. मॅनली मला तशी वाटत नाही. तिथे गर्दी आहे आणि माणसं घाईत आहेत.

पुढे मॅनलीला गेलीस की तो माणूस पुन्हा भेटेल, शनिवारी येणारे शनिवारीच येतात. त्याला टाळून लांब जाऊन बसू नकोस. जवळून गेला तर म्हण, त्या दिवशी चूक माझी होती, मला तुम्ही दिसला नाहीत. तो काय म्हणेल त्यावर काहीही अवलंबून ठेवू नकोस. कदाचित तो नुसताच हुं करेल. कदाचित त्याला आठवणारही नाही, आणि तू तीन आठवडे झोपली नाहीस.

मला पुढचं पत्र जून संपायच्या आत हवं. किती वेळा उभी राहिलीस ते लिहिलं नाहीस तरी चालेल. हात मारायच्या आधी डावीकडे बघितलंस का, आणि कुणाच्या मागच्या फेसाकडे वळलीस का, तेवढं कळव.

तुझी,
ताई